शहीद आणि हुतात्मा : वासाहतिक हिंसेच्या दोन स्मृतिपरंपरा

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे ‘शहीद’ या नावाचे एक रुग्णालय आहे. जून १९७७ च्या पोलीस गोळीबारात मृत्यू पावलेल्या अकरा जणांच्या स्मरणार्थ खाणकामगारांनी ते १९८३ मध्ये उभे केले. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूर येथे फाशी देण्यात आली होती. त्यांच्या नावाने शहीद दिन पाळण्याची प्रथाही याच कामगार चळवळीने १९७९ पासून रूढ केली. चळवळीचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली आणि पुढल्या वर्षी १ जुलैला त्याच गावी कामगारांवर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. या साऱ्यांना तेथील छत्तीसगडी व हिंदी भाषक एकाच शब्दाने ओळखतात : शहीद. त्याच पोलादनगरीतील गुरुद्वारांत दररोज अरदासीच्या वेळी हाच शब्द उच्चारला जातो, पण त्याचा काळ, त्याचे व्याकरण आणि त्याचा अधिकार निराळा असतो. आणि नागपूर-विदर्भाकडून येथे नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे शाळेच्या पुस्तकातून शिकलेला तिसराच शब्द वापरतात, तो म्हणजे ‘हुतात्मा’.

हे केवळ पर्यायी शब्द नव्हेत. एकाच सत्तेने केलेल्या हिंसेची आठवण दोन भाषिक समाजांनी कोणत्या साच्यात ओतली आणि त्या साच्यांमुळे पुढे काय घडले, हा प्रश्न या शब्दभेदात दडलेला आहे. शिखांच्या संदर्भात तो केवळ विद्वत्तेचा राहिलेला नाही; त्याने माणसे मारली आहेत आणि माणसे फासावरही गेली आहेत.

तुलनेचा प्रारंभबिंदू डलहौसीच्या कारकीर्दीत शोधावा लागतो. १८४८ मध्ये सातारा, २९ मार्च १८४९ रोजी पंजाब आणि तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या अखेरीस निवर्तल्यावर १८५४ मध्ये नागपूर, अशी तीन राज्ये सहा वर्षांच्या आत एकाच गव्हर्नर जनरलने खालसा केली. नागपूरबरोबरच बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून मराठी अमलाखाली असलेला छत्तीसगडही गेला. सातारा आणि नागपूर कागदावर गेली, दत्तकविधान नाकारून. पंजाब मात्र दोन रक्तरंजित युद्धांनंतर पडला. मराठी सत्तेचा खरा पराभव त्यापूर्वी तीस वर्षांमागे, १८१८ मध्ये, होऊन गेलेला होता. त्यामुळे १८५७ पर्यंत मराठी मनात पराभव ही आजोबांची गोष्ट बनली होती, तर पंजाबात ती बापाची गोष्ट होती. हा पिढीचा फरक लहान नाही. १८५७ मध्ये जिंकणाऱ्यांच्या बाजूने लढलेला शीख शिपाई नुकताच हरलेला होता, हे विसरून त्याच्या ‘निष्ठे’बद्दल बोलणारे इतिहासकार दोन्ही भाषांत आढळतात.

या निष्ठेचे फळ म्हणून शिखांना जे मिळाले त्याचे वर्णन रिचर्ड फॉक्स यांनी ‘लायन्स ऑफ द पंजाब’ (१९८५) या ग्रंथात केले आहे. सैन्यभरतीच्या धोरणाने खालसा रूपातील शिखाला ‘लढाऊ जमात’ ठरविले, पलटणीत केस, पगडी व अमृतसंस्कार यांचा आग्रह धरला आणि पंजाबच्या खेड्यांत ज्या अनेक प्रकारे शीख असता येत होते त्यांतील एकाच प्रकाराला वेतन, जमीन व प्रतिष्ठा यांची जोड दिली. हरजोत ओबेरॉय यांच्या १९९४ च्या ग्रंथाने धार्मिक सीमारेषांच्या बांधणीबद्दल याच दिशेचा, पण सिंह सभेच्या सुशिक्षितांकडे अधिक श्रेय नेणारा युक्तिवाद मांडला. दोन्ही ग्रंथांवर शीख विद्वानांनी कठोर टीका केली, आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती : ‘इंग्रजांनी घडविलेली अस्मिता’ असे म्हणताना ती जगणाऱ्यांचा वाटा शून्यावर येतो. खालसा १६९९ चा आहे, १८५७ नंतरचा नव्हे. तथापि छावणीने या रूपाला जे सार्वत्रिकत्व दिले ते नाकारता येत नाही.

याच धोरणाची दुसरी बाजू महाराष्ट्रात दिसते आणि ती पंजाबच्या अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे तेथील स्तंभावर कोरली गेली. त्यांत महार शिपायांची संख्या ठळक आहे. १८९० नंतरच्या दशकात ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धान्तानेच महारांची भरती बंद पाडली. ज्या वर्षांत सारागढीचे एकवीस शीख (१२ सप्टेंबर १८९७) साम्राज्याच्या वीरगाथेत प्रवेश करीत होते, त्याच वर्षांत कोरेगावच्या शिपायांचे वंशज भरतीसाठी अर्जविनंत्या करीत होते. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभाकडे गेले तेव्हा एका वासाहतिक विजयचिन्हाचे मानवी प्रतिष्ठेच्या चिन्हात रूपांतर झाले. सारागढीचेही आज पंजाबात तसेच पुनर्वाचन होते. साम्राज्याने उभारलेल्या दगडांचा अर्थ साम्राज्याच्या हाती राहत नाही, पण कोणाला दगड मिळाला आणि कोणाला दार बंद झाले हे मात्र त्यानेच ठरविलेले असते.

आता शब्दांकडे वळावे. ‘शहीद’ हा अरबी शब्द. त्याचा मूलार्थ साक्षी. शीख परंपरेत तो पाचवे गुरू अर्जुनदेव (१६०६) व नववे गुरू तेगबहादूर (१६७५) यांच्या मृत्यूंभोवती आणि अठराव्या शतकातील छळाच्या स्मृतीभोवती स्थिरावला. लुई फेनेक यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे प्रतिपादन केले की, हौतात्म्याची आजची घट्ट संकल्पना मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंह सभेच्या लेखकांनी सिद्ध केली. हे मान्य केले तरी अरदासीचा प्रश्न उरतोच. अरदास ही उभे राहून करावयाची सामूहिक प्रार्थना. तिच्यात धर्मासाठी मस्तक देणारे, अंगांगी कापले गेलेले, करवतीने चिरले गेलेले, चाकावर चढविले गेलेले यांचे नामनिर्देशाविना स्मरण होते. गुरुद्वारांच्या मुक्तीसाठी बलिदान करणाऱ्यांचा उल्लेख विसाव्या शतकात तिच्यात आला. १९४७ नंतर ननकाना साहिबपासून पंथाचा वियोग झाल्याची वेदना आली. अशी ही यादी उघडी आहे. जो तिच्यात शिरतो त्याचा काळ नाहीसा होतो : मोगल सुभेदार, इंग्रज डेप्युटी कमिशनर आणि त्यानंतरचे राज्यकर्ते एका ओळीत उभे राहू शकतात.

‘हुतात्मा’ची घडण वेगळी आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या प्रयत्नांतून रूढ झालेला हा शब्द संस्कृत यज्ञकल्पनेवर उभा आहे. ज्याने आत्मा हविर्द्रव्य म्हणून अर्पण केला तो हुतात्मा. शहीद कोणाच्या तरी समोर साक्ष देतो. हुतात्मा कोणत्या तरी अग्नीत पडतो. साक्षीला प्रतिपक्ष लागतो, आहुतीला तो लागत नाही. मराठीत या शब्दाला प्रार्थनेचे स्थान नाही. त्याला चौक आहे, पुतळा आहे, वर्षातून एक दिवस आहे आणि पाठ्यपुस्तकातील धडा आहे. रोजची स्मृती आणि वार्षिक स्मृती यांतील हे अंतर पुढील विवेचनात ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. प्रस्तुत संदर्भात एक गोष्ट नोंदवावीशी वाटते : सावरकरांनी लंडनच्या वास्तव्यात शिखांचा इतिहास मराठीत लिहिला होता, पण त्याचे हस्तलिखित गहाळ झाले. ते सापडते तर या दोन शब्दांची गाठ एका लेखणीखाली पाहता आली असती.

वासाहतिक हिंसेचे पहिले मोठे पंजाबी प्रकरण मात्र अरदासीच्या यादीत सहज सामावले गेले नाही. जानेवारी १८७२ मध्ये मालेरकोटला येथे साठांहून अधिक कूका (नामधारी) शिखांना तोफांच्या तोंडी देण्यात आले. लुधियानाचा डेप्युटी कमिशनर कोवन याने खटल्याशिवाय हे काम सुरू केले आणि कमिशनर फोरसाइथ याने ते दुसऱ्या दिवशी पुढे नेले. गुरू रामसिंह यांना रंगूनला हद्दपार केले गेले. हद्दपारीतच त्यांचा अंत झाला. वासुदेव बळवंत फडके यांना १८७९ नंतर एडनला धाडले आणि १८८३ मध्ये तेही तेथेच मरण पावले. साम्राज्याच्या दोन टोकांना दोन बंदी. परंतु तत्कालीन शीख सरदारवर्गाने कूकांपासून स्वतःस कटाक्षाने दूर ठेवले, जसे पुण्यातील बहुसंख्य प्रतिष्ठितांनी फडक्यांपासून ठेवले. हिंसा झाल्याबरोबर स्मृती जन्मत नाही. तिला वारस मिळावा लागतो.

या काळातील साहित्याने वारसा सांगितला तो वेगळ्याच हिंसेचा. भाई वीरसिंह यांची ‘सुंदरी’ (१८९८) ही पंजाबीतील पहिली कादंबरी मानली जाते; तिचा काळ अठराव्या शतकाचा, तिचा जुलमी राजकर्ता मोगल सुभ्याचा. हरि नारायण आपट्यांची ‘उषःकाल’ त्याच दशकातली आणि तिचा काळ शिवकालाच्या उदयाचा. दोन्ही लेखक ज्या राजवटीत राहत होते तिच्याबद्दल या कादंबऱ्यांत एक अक्षर नाही. याचे एक उत्तर सेन्सॉरचे भय हे आहे, पण ते अपुरे आहे. मराठीत हे विस्थापन जाणूनबुजून केलेले रूपक होऊ शकत होते : खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकात प्रेक्षकांना कीचकाच्या जागी कर्झन दिसला आणि सरकारलाही दिसला म्हणून १९१० मध्ये त्यावर बंदी आली. ‘सुंदरी’च्या वाचकाला मोगल सुभेदाराच्या जागी लाटसाहेब दिसावा असा लेखकाचा हेतू नव्हता. तेथे भूतकाळ हा मुखवटा नसून वस्तू होता. परिणामी मराठी ऐतिहासिक कल्पित साहित्यात इंग्रजांविरुद्धचा राग मोगलाच्या आडून बोलला, तर पंजाबी साहित्यात समूहाची व्याख्याच छळाच्या स्मृतीने झाली आणि तिचा शत्रू पुढे बदलता येण्याजोगा राहिला. या फरकाचे मोल १९८४ नंतर कळले.

इंग्रजांचे नाव घेऊन उघड बोलणारे पंजाबी साहित्य पंजाबबाहेर छापले गेले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’चा पहिला उर्दू अंक निघाला, लवकरच गुरुमुखी आवृत्तीही सुरू झाली. येथेही शब्द पाहण्यासारखा आहे. १८५७ ला इंग्रजांनी ‘गदर’ म्हणून हिणवले. अमेरिकेतील पंजाबी मजुरांनी तेच नाव पताकेवर घेतले. मराठीत सावरकरांनी ‘बंड’ हा शब्द टाकून ‘स्वातंत्र्यसमर’ आणला. शत्रूची शिवी अंगावर मिरविणे आणि शत्रूची शिवी पुसून टाकणे, या दोन वृत्ती होत. पुढील वर्षी कोमागाता मारू जहाजावरील ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरला दोन महिने अडकवून परत धाडले गेले आणि २९ सप्टेंबर १९१४ रोजी बजबज येथे त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. सैनिक म्हणून साम्राज्यभर हिंडलेल्या शिखाला साम्राज्याच्या एका बंदरात उतरण्याचा हक्क नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

गदर चळवळीत मराठी नावे दोन ठळक. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पुढे मेक्सिकोत कृषितज्ज्ञ झाले आणि १९६७ मध्ये नागपुरात निवर्तले. दुसरे विष्णू गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेरे येथील. अभियांत्रिकी शिकावयास अमेरिकेत गेलेला हा तरुण १९१४ अखेरीस परतला, रासबिहारी बोस व पंजाबातील गदरी यांच्यातील दुवा झाला आणि मार्च १९१५ मध्ये मेरठच्या घोडदळाच्या लाइनीत बाँबसह पकडला गेला. लाहोर कटाच्या पहिल्या खटल्यात चोवीस जणांना फाशी ठोठावण्यात आली. त्यांतील सतरा जणांची शिक्षा कमी झाली. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात सात जण फासावर गेले. त्यांत सहा शीख होते आणि सातवा पिंगळे. एकोणीस वर्षांचा कर्तारसिंह सराभा त्यांतलाच.

एकाच पहाटेच्या या सात मृत्यूंना दोन भाषांत लाभलेले आयुष्य तपासण्याजोगे आहे. सराभा पंजाबीत कादंबरीचा नायक झाला, भगतसिंगाचा आदर्श झाला, गावोगावच्या गीतांत राहिला. जालंधरच्या देशभगत यादगार सभागृहात दरवर्षी गदरी बाबांचा मेळा भरतो. तेथे पिंगळेही शहीद म्हणून सन्मानाने स्मरले जातात. मराठीत मात्र चापेकर, कान्हेरे, राजगुरू ही नावे जितकी ओठांवर आहेत तितके पिंगळ्यांचे नाव नाही. कारण उघड आहे. राजगुरूंचे खेड आज राजगुरुनगर आहे, कारण राजगुरूंची कथा देशाची कथा म्हणून मराठीत परत आली. पिंगळ्यांची कथा आधी पंजाबी झाली आणि मग मराठीकडे यावयाची राहिली. हौतात्म्याला भाषा असते. ज्या भाषेत ते प्रथम गायले जाते तिचे ते होते.

रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात मात्र हे दोन प्रांत एकत्र बांधलेले आढळतात. त्या अहवालाचा पहिला अध्याय मुंबई इलाख्याचा आहे. पुण्याचे गणेशोत्सव, शिवोत्सव आणि चापेकर बंधू यांच्यापासून राजद्रोहाची कुळकथा आरंभ होते आणि पंजाबातील गदरी पुढे येतात. म्हणजे ज्या कायद्याविरुद्ध १९१९ चा पंजाब उठला त्याचे पहिले पान पुण्यात लिहिले गेले होते असे म्हणता येईल. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत डायरच्या सैनिकांनी सुमारे दहा मिनिटांत १,६५० फैरी झाडल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ जण ठार झाले. काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधी, चित्तरंजन दास व अब्बास तय्यबजी यांच्यासमवेत मुकुंदराव जयकर होते. सरकारी हंटर समितीत चिमणलाल सेटलवाड होते. त्या वर्षअखेरच्या अमृतसर काँग्रेसला टिळक उपस्थित होते. मराठी राजकारणाने पंजाबची जखम पाहिली, मोजली, तिची उलटतपासणी केली.

शिखांच्या दृष्टीने त्या वर्षाचा दुसरा आघात निराळाच होता आणि अन्य प्रांतीयांनी तो फारसा ओळखला नाही. सुवर्णमंदिराच्या सरकारनियुक्त व्यवस्थापकाने डायरचा सन्मान केला. बागेतील रक्त सर्वांचे होते, हिंदूंचे, मुसलमानांचे, शिखांचे. पण हा अपमान केवळ पंथाचा होता. नोव्हेंबर १९२० मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती आणि डिसेंबरमध्ये अकाली दल यांची स्थापना झाली ती याच क्षोभातून. ननकाना (१९२१), गुरू का बाग (१९२२) आणि जैतो (१९२४) येथे अकालींनी जे सोसले ते अहिंसेच्या इतिहासातील असामान्य पर्व आहे. गुरू का बागेत लाठ्या खाणाऱ्यांपैकी अनेक जण निवृत्त सैनिक होते. सी. एफ. अँड्रयूज यांनी ते दृश्य डोळ्यांनी पाहिले. छावणीने घडविलेली ‘लढाऊ’ देहबोली येथे प्रतिकार न करता उभी राहिली, हा वासाहतिक सिद्धान्ताचा याहून नेमका पराभव दुसरा नसेल. परंतु विजयाचे फळ, १९२५ चा गुरुद्वारा कायदा, हेही वासाहतिक विधिमंडळातूनच आले आणि त्याने ‘शीख कोण’ या प्रश्नाला मतदारयादीचे रूप दिले. नांदेडचे सचखंड हजूर साहिब निजामाच्या राज्यात असल्याने या कायद्याबाहेर राहिले. त्याच्यासाठी हैदराबाद राज्याने १९५६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तेथील काही जुन्या विधिपरंपरा अमृतसरहून भिन्न राहिल्या त्यामागे हा राजकीय भूगोलही आहे.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही समाजांनी एकच मागणी केली : भाषिक राज्याची. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये दोघांनाही नकार दिला. मुंबईत शंभराहून अधिक लोक मेले आणि फ्लोरा फाउंटनच्या चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. त्या आंदोलनाला प्रांतीयवादी म्हटले गेले, पण मराठी माणसाच्या देशनिष्ठेची कसोटी कोणी धर्मावर लावली नाही. पंजाबी सुब्याच्या मागणीला मात्र प्रथमपासूनच धार्मिक फुटीरतेचा वास लावला गेला. पंजाबातील अनेक हिंदूंनी जनगणनेत मातृभाषा हिंदी नोंदविली, कारण भाषा ही तोवर धर्माची खूण झालेली होती. १९१९ च्या सुधारणांनी शिखांना दिलेले विभक्त मतदारसंघ, लढाऊ जमातीची कोष्टके आणि धर्मवार शिरगणती यांनी आखलेल्या चौकटीतच स्वतंत्र भारताने ही मागणी वाचली. जुलै १९५५ मध्ये पोलीस सुवर्णमंदिराच्या आवारात शिरले. पंजाबी सुबा झाला तो १ नोव्हेंबर १९६६ रोजी, राजधानी व पाणी यांचे प्रश्न लोंबकळत ठेवून. वासाहतिक वारसा म्हणतात तो प्रामुख्याने येथे आहे, डायरच्या फैरींपेक्षा अधिक : हिंसा करणारा गेला, पण त्याने केलेले वर्गीकरण राहिले आणि नव्या राज्यकर्त्याने त्याच चष्म्यातून आपल्याच नागरिकाकडे पाहिले.

जून १९८४ च्या लष्करी कारवाईनंतर आणि त्या नोव्हेंबरातील शीख-हत्याकांडानंतर अरदासीच्या उघड्या यादीत नवा काळ शिरला. ते हत्याकांड दिल्लीपुरते नव्हते; न्या. रंगनाथ मिश्र आयोगाच्या कक्षेत कानपूर होते, आणि भिलाईसारखीच पोलादनगरी असलेले बोकारोही होते. दुरून कामाला आलेल्या, नियोजित वसाहतीत राहणाऱ्या, शेजाऱ्यांवर विसंबलेल्या कुटुंबांना तेथे काय अनुभवावे लागले, हे पोलादनगरीतील कोणत्याही शीख घराला सांगावे लागत नाही.

या इतिहासाचे सर्वांत अवघड पान महाराष्ट्रात लिहिले गेले. कारवाईच्या वेळी सेनाप्रमुख असलेले जनरल अरुणकुमार वैद्य, दोनदा महावीर चक्र मिळविलेले, निवृत्तीनंतर पुण्यात राहत होते. १० ऑगस्ट १९८६ रोजी स्वतःची मोटार चालवीत असता त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. हरजिंदरसिंग जिंदा आणि सुखदेवसिंग सुखा यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. अमृतसरमध्ये त्यांचा स्मृतिदिन पाळला जातो. तेथे ते शहीद आहेत. पुण्यात ते मारेकरी आहेत आणि जनरल वैद्य हे कर्तव्यापायी प्राण गमावलेले सेनानी. मायकेल ओड्वायरला १३ मार्च १९४० रोजी लंडनमध्ये मारणारे उधमसिंग यांचा दाखला पहिल्या बाजूने नेहमी दिला जातो. तो दाखला तर्कदृष्ट्या टिकत नाही. ओड्वायर हा परक्या, मताधिकारशून्य सत्तेचा प्रतिनिधी होता. वैद्य लोकनियुक्त सरकारचा हुकूम पाळणारे सैनिक होते. शिवाय उधमसिंग यांनी कैदेत ‘राम महंमद सिंग आझाद’ असे नाव धारण केले, ज्यात एका पंथाचे पृथक्त्व नव्हे तर त्याचा नकार होता. पण तर्काने निकाल दिला म्हणून स्मृती ऐकत नाही. जिच्यात काळ नाहीसा होतो त्या प्रार्थनेत डायर, ओड्वायर आणि १९८४ यांच्यामधील भेद राखणारा शब्द नाही. आणि मराठी ‘हुतात्मा’ शब्दातही एक उणीव आहेच. त्यात प्रतिपक्ष नसल्यामुळे हुतात्मा कोणाच्या गोळीने पडला हे विचारण्याची सवय मराठी स्मृतीला राहिलेली नाही. फ्लोरा फाउंटनला गोळीबार करणारे सरकार कोणाचे होते, हे त्या चौकातून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना आठवते?

साहित्यात या दोन स्मृतींची गाठ अन्य मार्गाने पडलेली आहे, आणि तो मार्ग वसाहतपूर्व आहे. नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे एप्रिल २०१५ मध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचप्रमाणे अरदासीत पाच तख्तांचे स्मरण होते, आणि त्यांपैकी एक तख्त नांदेडला, गोदावरीच्या काठी आहे, जेथे १७०८ मध्ये दहाव्या गुरूंचा देहान्त झाला. भिलाईच्या गुरुद्वारात अरदास म्हणणारा दररोज शहिदांबरोबर महाराष्ट्रातील त्या स्थळालाही वंदन करतो. शेजारच्या मराठी घराला हे बहुधा ठाऊक नसते.